हिरव्या खुणा

"ताई, अठ्ठ्याण्णव!"

पटकन म्हणतात ती मुलगी खुर्चीवरून उठलीच नाही. पायाने जमिनीला रेटा देत ती खुर्चीसकट घरंगळत आली आणि ताईंच्या टेबलावर आपटली. ताईंच्या चहाने बशीत उडी मारली.

"अठ्ठ्याण्णव पूर्णांक दोन! तुम्ही दोघं माणसं आहात की कोण आहात?"

"कसले अठ्ठ्याण्णव?" ताईंनी बशीतला चहा कपात ओतला.

"तुमचं आणि नानांचं एकमत. एरवी तुमचं चौऱ्याऐंशीच्या आसपास असतं. पण दोनशे सात ते दोनशे वीस, हे चौदा तुकडे बघा. एका हातानं केल्यासारखे!"

ताईंनी कप उचलला होता, तो पुन्हा खाली ठेवला.

पटकन हे काही मुलीचं नाव नव्हे. ती इंजिनिअर. दीड वर्षापूर्वी आली तेव्हापासून तिच्या दर वाक्यात 'पटकन' येतं, म्हणून साऱ्या प्रयोगशाळेने तिचं तेच नाव ठेवलं, आणि फोनवरही ती आता स्वतःला तेच म्हणवून घेते. मुलगी हुशार, मनाने स्वच्छ. फक्त थांबणं तिला माहीत नाही.

हे एकमत कशावरचं, ते सांगायला हवं. ज्यांचे हात सतत थरथरतात अशा रुग्णांच्या मेंदूत, कवटीला बारीक भोक पाडून, केसाएवढी तार सोडतात. तार एखाद्या चेतापेशीजवळ पोचली की त्या पेशीचा विजेचा ठोका तारेत उमटतो. सेकंदाचा हजारावा भाग टिकणारा ठोका. पडद्यावर तो उभ्या काट्यासारखा दिसतो, स्पीकरवर 'टक' असा ऐकू येतो. त्याला स्पाइक म्हणतात. कुठल्या खोलीवर किती स्पाइक मिळाले यावरून सर्जनला कळतं, की तार हव्या त्या जागी आली की अजून वरच आहे. पण तार काही एकट्या पेशीचंच ऐकत नाही. ट्यूबलाइटची गुरगुर येते, रुग्ण खोकला तर खोकला येतो, लांबच्या असंख्य पेशींची कुजबुज तर अखंड चालूच असते. या गदारोळातून खरा स्पाइक ओळखायचा आणि त्यावर खूण करायची, हे ताईंचं काम. एका तुकड्यात एक मिनिट, आणि त्या एका मिनिटात दीड-दोन हजार काटे. एक तुकडा संपायला तीन-चार दिवस लागतात. आधी कागदाच्या पट्ट्यांवर पेन्सिलीने आणि मग पडद्यावर, ताईंनी एकतीस वर्षं हे केलं. लग्नात कुणी विचारलं, "आपण काय करता?" तर त्या सांगतात, "टकटक मोजते." एवढ्यावर माणूस दुसरीकडे वळतो.

प्रयोगशाळेचा एक नियम होता. प्रत्येक तुकडा दोघांनी तपासायचा, वेगवेगळा, दुसऱ्याचं न पाहता. ताईंच्या खुणा लाल, नानांच्या हिरव्या. मग दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहायच्या. पडद्यावर असे दोनशे वीस तुकडे दोघांनी मिळून केले होते, आणि आता पटकन त्यांच्यावरून यंत्राला शिकवत होती. यंत्र शिकलं की ऑपरेशन चालू असतानाच स्पाइक आपोआप ओळखणार, माणसाने डोळे फोडायला नकोत.

चौऱ्याऐंशी टक्के हे काही वाईट एकमत नव्हे. उरलेले सोळा टक्के म्हणजे नाना आणि ताई यांचा स्वभाव. ताईंना शंका आली की त्या खूण करत. एखादी पेशी दुरून, क्षीण आवाजात काही सांगत असेल आणि आपण तिला वगळलं, तर तिचं कोण ऐकणार, असं त्यांना वाटे. नानांना शंका आली की ते सोडत. प्रयोगशाळेत त्यांना घेऊताई आणि सोडूनाना म्हणत.

"हा स्पाइक?" नाना तुलनेच्या दिवशी विचारत. "अगं, ही कुणाच्या तरी पोटातली गुडगुड आहे."

"आणि तुम्ही पेशीनं स्वतः येऊन ओळख करून दिल्याशिवाय खूण करणार नाही."

"नाहीच करणार. जे नाही ते आहे म्हणायचं नाही."

"आणि जे आहे ते नाही म्हणायचं, ते चालतं?"

पंचवीस वर्षं हे भांडण चाललं आणि कुणीच हरलं नाही. दोघांनी घेतलेलं असे ते पक्कं. एकानेच घेतलेलं असे ते शंकेचं. एवढा साधा हिशेब होता आणि त्यावर सगळ्यांचा भरवसा होता.

"या चौदांवरच शिकवते," पटकन म्हणत होती. "सगळ्यात शुद्ध माल. पटकन होईल. आणि ताई, सोमवारी सर्जनबाई येणार, मोठे साहेब येणार. मी नानांनाही बोलावलंय. सकाळीच फोन केला. तुमच्या दोघांच्या नावाचं मानपत्र छापून आलंय, अजून कागदात गुंडाळलेलंय, तुम्ही बघायचं नाही. केवढे खूश झाले नाना!"

त्या चौदा तुकड्यांवरची एकही हिरवी खूण नानांची नव्हती.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. नानांच्या निवृत्तीला साडेतीन महिने उरले होते. तुलनेच्या एका दिवशी ताईंच्या लक्षात आलं, की हिरव्या खुणा काट्यांवर बसतच नाहीत. काही बाजूला पडल्यात, काही अगदी मोकळ्या जागेत. पुढचे दोन दिवस त्यांनी नानांकडे नीट पाहिलं. नाना पडद्याकडे सरळ पाहतच नव्हते, मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने पाहत होते. नजरेच्या मधोमध डाग पडला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की हा आता वाढणारच. नानांनी ते घरीसुद्धा धड सांगितलं नव्हतं. साहेबांना कळलं असतं तर त्यांनी नानांना लगेच कामावरून उठवलं असतं, आणि अडतीस वर्षं काट्यांसमोर बसलेल्या माणसाने शेवटचे तीन महिने दारात खुर्ची टाकून काढले असते.

तिसऱ्या दुपारी ताई म्हणाल्या, "नाना, तुमचा तो तुकडा इकडे द्या."

नानांनी आपली खुर्ची हातभर सरकवली. ठरलं ते एवढंच.

मग ताई सकाळी लाल खुणा करत आणि दुपारी त्याच तुकड्यावर, नानांच्या नावाने, हिरव्या. नाना शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून, डोळे मिटून बसलेले असत. ताईंनी खरंच प्रयत्न केला होता. शंका आली की त्या मनाशी म्हणत, इथे नाना काय करतील? सोडतील. पण असं म्हणेपर्यंत बोट खूण करून मोकळं झालेलं असे. दुसऱ्याचं अक्षर काढता येतं, दुसऱ्याची शंका काढता येत नाही, हे ताईंना तेव्हा कळलं नाही. त्यांना वाटलं, दोनशे वीसमधले चौदा तुकडे. कोण वेचून बघणार?

शुक्रवारी दुपारी यंत्र चौदा तुकड्यांवर शिकून तयार झालं. पटकनने त्याला गेल्याच आठवड्यातल्या एका ऑपरेशनची नोंद दिली. पडद्यावर खुणांचा सडा पडला.

"ताई, हे बघा! सर्जनबाईंना जी जागा खाली गेल्यावर कळली, ती याला दीड मिलिमीटर वरच कळली. माणसाच्या आधी!"

ताई पुढे वाकल्या. दीड मिलिमीटर वर काहीच नव्हतं. लांबची कुजबुज होती, दोन-चार क्षीण काटे होते, घ्यावं की सोडावं असे. यंत्राने ते सगळे घेतले होते, बिनदिक्कत. ताईंना तो हात ओळखू आला. तो त्यांचा स्वतःचा होता, फक्त शेजारी 'सोड' म्हणणारं कुणी नव्हतं. आणि या यंत्राच्या शब्दावर उद्या कुणाच्या तरी डोक्यात तार दीड मिलिमीटर वरच थांबणार होती. त्या माणसाचे हात थरथरतच राहणार होते.

"अगं, हे जरा जास्तच घेतंय."

"ताई, तुम्ही दोघांनी जे घेतलं तेच घेतंय." पटकन हसली. "तुमच्या दोघांच्या शब्दाबाहेर नाही ते."

खरं काय ते ताईंनी आत्ता सांगितलं असतं तर नानांना ते दुसऱ्याकडून, फोनवर कळलं असतं.

संध्याकाळी जेवताना ताईंच्या यजमानांनी दोन घास खाल्ले आणि पाण्याचा पेला रिकामा केला.

"भाजीत मीठ दोनदा पडलंय. काय झालं?"

"काही नाही."

"एकदा पडलं असतं तर काही नाही. दोनदा पडलंय."

ताईंनी सगळं सांगितलं. यजमानांनी ऐकून घेतलं, ताटातली भाजी भातात कालवून संपवली आणि म्हणाले, "नानांकडे जा. पण दुपारी जा, सकाळी माणसाला वाईट ऐकवू नये."

शनिवारी दुपारी नानांच्या सुनेने दार उघडलं. आतल्या दाराच्या कडीला हँगरवर एक पांढरा शर्ट लटकत होता, इस्त्रीची घडी अजून ताजी.

"सोमवारसाठी," सून हळूच म्हणाली. "कालपासून दहादा हात लावून बघितलाय. बरं झालं आलात. सहा वर्षांत त्यांना पहिल्यांदाच कुठंतरी जायचंय."

ताईंना वाटलं, असंच मागे फिरावं.

"आलीस?" आतून आवाज आला. "डाव्या चपलेचा पट्टा अजून तसाच फटफटतोय. नवी घे की."

नाना खिडकीजवळ बसले होते. समोर रेडिओ, अगदी हळू लावलेला. चेहरा होता तसाच, फक्त डोळे ताईंच्या खांद्यापलीकडे कुठेतरी पाहत होते. सून चहा ठेवून गेली. नानांनी बोटाने कपाचा कान शोधला.

"पोरीचा फोन आला होता. तुमच्या हाताची कमाल, म्हणाली. मी म्हटलं, कमाल आमच्या भांडणाची." ते मनापासून हसले. "किती म्हणत होती गं? काहीतरी टक्के म्हणत होती, घाईघाईत कळलं नाही."

"अठ्ठ्याण्णव, नाना."

नानांचा कप ओठांपाशी थांबला. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं.

"आपले?"

"दोनशे सातपासून चौदा."

नानांनी कप खाली ठेवला. बशीचा अंदाज चुकला, ताईंनी बशी सरकवून दिली.

"माझ्यासारखं सोडून बघायचं होतंस थोडं."

"बघितलं हो. हात जायचा."

"जाणारच. तुझा हात तो." त्यांनी चाचपडत रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "आपलं पंच्याऐंशीच्या वर गेलं की मलाच काळजी वाटायची, की आपल्यातलं कुणीतरी झोपलंय. अठ्ठ्याण्णव! कुणालाच शंका आली नाही?"

"तिला आनंद झाला. त्याच चौदांवर यंत्राला शिकवलंय तिनं. ते सगळं घेतंय, नाना. जे नाही तेसुद्धा."

"मग सांगून टाकायचंस. कालच सांगायचंस."

"तुम्हाला न विचारता कसं सांगू? नाव तुमचं आहे त्यावर."

नाना उठले. खुर्चीच्या पाठीला, मग भिंतीला हात लावत ते दारापर्यंत गेले आणि हँगरवरच्या शर्टाची बाही दोन बोटांत धरून उभे राहिले. ताईंना रडू आलं. त्यांनी ते आवरलं नाही, कारण नानांना दिसणार नव्हतं.

"रडू नकोस," नाना पाठमोरे म्हणाले. "नाक ओढलंस, ऐकू आलं. त्या दुपारी तू तुकडा मागितलास तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. पंचवीस वर्षं जे नाही ते आहे म्हणायचं नाही, असं तुला ऐकवत होतो. आणि शेवटी काय केलं, तर गप्प बसून खुर्ची सरकवली."

"मी मागितला होता."

"मी दिला होता." त्यांनी बाही सोडली. "सोमवारी मी येणार आहे. शर्ट तयारच आहे."

सोमवारी सून नानांना बैठकीच्या खोलीत बसवून गेली. सर्जनबाई आल्या. करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. मोठे साहेब आले. पटकनने पहिलंच चित्र पडद्यावर लावलं, लाल आणि हिरव्या खुणा एकावर एक, आणि ती बोलायला तोंड उघडणार तोच नाना टेबलाच्या कडेला धरून उभे राहिले.

"पोरी, जरा थांब. मला चार वाक्यं बोलायचीत. हे चौदा तुकडे मी तपासलेले नाहीत. तेव्हा मला दिसत नव्हतं, आणि ते मी लपवलं. या हिरव्या खुणा हिनं केल्यात, माझ्या सांगण्यावरून. एका माणसाचं एकमत आहे ते, धरू नका."

"सांगण्यावरून नाही," ताई उठून म्हणाल्या. "त्यांनी काही सांगितलं नव्हतं. मीच केलं."

"मी सांगितलं होतं."

"नव्हतं सांगितलं, नाना."

सर्जनबाईंनी एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुमचं एकमत अजूनही नाही," त्या म्हणाल्या.

कुणीच हसलं नाही, पण खोलीतला श्वास मोकळा झाला.

"बाकीचे किती खरे?" बाईंनी विचारलं.

"दोनशे सहा," ताई म्हणाल्या. "त्यातलं एकूण एक भांडण खरं आहे."

"मग त्यांवर शिकवा. मला यंत्राची शंकासुद्धा दिसली पाहिजे. शंका नसलेलं यंत्र मी ऑपरेशनला घेणार नाही." त्यांनी आपली वही मिटली. मोठ्या साहेबांचा चेहरा तेवढा सोपा नव्हता. ताईंनी सगळं लेखी द्यावं आणि चौकशी संपेपर्यंत नव्या तुकड्यांना हात लावू नये, असं त्यांनी कोरड्या आवाजात सांगितलं. मानपत्राचं नाव कुणी काढलं नाही. पटकनने ते गुंडाळलेलंच उचललं आणि कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून ठेवलं.

बाहेर आल्यावर ती ताईंना म्हणाली, "शुक्रवारी सांगायचं होतं मला." तिचे डोळे भरले होते.

"हो गं. तुला सांगायला हवं होतं."

"मी तुमच्यावर..." तिने वाक्य सोडून दिलं. मग नाक पुसून म्हणाली, "त्या चौदांमधल्या हिरव्या खुणा काढाव्या लागतील. मी काढते पटकन."

"नको," ताई म्हणाल्या. "त्या मी केल्यात. त्या मी काढते."

सून यायला तासभर होता. नाना ताईंच्या शेजारी, आपल्या जुन्या जागी बसले. खुर्ची नवी होती, त्यांनी तिचे हात चाचपून पाहिले आणि नापसंतीने मान हलवली. गुडघ्यांवर हात ठेवले. ताईंनी दोनशे सात उघडला, सगळ्या हिरव्या खुणा निवडल्या. यंत्राने विचारलं, नक्की पुसायच्या? त्यांनी होय म्हटलं. लाल तेवढ्या उरल्या. मग दोनशे आठ. मग दोनशे नऊ.

"किती झाले?"

"सात."

"आवाज लाव ना," नाना म्हणाले. "एक तरी तुकडा ऐकू दे. माझ्या नावावर होता, एवढं तर कळू दे कसा होता."

ताईंनी दोनशे चौदा उघडला आणि तो दहापट सावकाश केला. टकटकीची टपटप झाली. नानांनी मान खाली घातली, उजवा हात टेबलावर आणला आणि तर्जनी उचलली. टप. बोट टेकलं. टप, टप. बोट दोनदा टेकलं. पुढे कुजबुज, मग एक खोकला. बोट वरच. टप. टेकलं. ताई पडद्यावर पाहत होत्या. नानांचं बोट आणि काटे बरोबर चालले होते.

मग एक क्षीण आवाज आला. होता की नव्हता असा. नानांचं बोट जरासं खाली आलं, हवेत थांबलं आणि टेकलं नाही.

"सोडलंत?"

"सोडलं." नाना हसले. "तू घेतलं असशील."

"घेतलं होतं."

त्या काट्यावर दोन खुणा होत्या, एक लाल, एक हिरवी. ताईंनी तुकडा तिथेच थांबवला आणि बाकीच्या राहू देऊन ती एकच हिरवी खूण आधी पुसली.